पोरगा आधी आपल्याकडे बघतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली सहा वर्षं मुलांच्या बेसबॉल मॅचेसचा स्कोअर लिहितो, म्हणजे बॅकस्टॉपच्या (बॅटरमागच्या संरक्षक) जाळीमागे वही घेऊन बसायचं आणि प्रत्येक बॉल, प्रत्येक स्ट्राईक मांडायचा (पिच म्हणजे टाकलेला चेंडू ठरलेल्या चौकटीत आला किंवा बॅटने हुकला की स्ट्राईक, न खेळता बाहेर गेला की बॉल, तीन स्ट्राईकला बॅटर आऊट), त्यामुळे मैदानात काय चाललंय ते जसं दिसतं तसंच माझ्या पाठीमागे बसलेले आईवडील काय बोलतायत तेही सगळं कानावर पडतं. आजचं पत्र त्या पाठीमागच्या बोलण्याबद्दल आहे.

मागच्या महिन्यात बारा वर्षांखालच्या मुलांची एक मॅच झाली. शेवटची इनिंग, दोन आऊट, तिन्ही बेसवर रनर, तीन बॉल दोन स्ट्राईक. प्लेटमागचा (बॅटर उभा राहतो तिथल्या पांढऱ्या पट्टीमागचा) अंपायर सोळा वर्षांचा, दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत याच मैदानावर खेळणारा. पिच गुडघ्यापाशी आली, बॅटरने बॅट फिरवली नाही, अंपायरने हात वर केला, स्ट्राईक थ्री, मॅच संपली. खरं सांगतो, मला तो बॉल जरा खालीच वाटला. पण त्या बॅटर पोराने काय केलं माहितीय? त्याने ओठ चावला, बॅट खाली घेतली आणि मुकाट्याने डगआऊटकडे, टीमच्या बाकाकडे, चालायला लागला. चार पावलं गेलाही असेल, तेवढ्यात माझ्या मागून त्याचे वडील अंपायरवर ओरडले, "डोळे आहेत का रे तुला, घरी जा!" आणि पोरगा थांबला. त्याने वळून वडिलांकडे बघितलं, मग हेल्मेट काढलं आणि जोरात जमिनीवर आपटलं.

त्याला स्वतःला जो राग आला होता तो त्याने गिळला होता हो. आपटलेलं हेल्मेट त्याचं नव्हतं, वडिलांचं होतं.

अंपायरच्या हातात बॉल-स्ट्राईक मोजायचं छोटं काउंटर असतं, मॅच संपली तरी तो अंपायर पोरगा बराच वेळ त्याची चाकं फिरवत तिथेच उभा होता. पुढच्या आठवड्यात तो आला नाही, मी फोन केला तर त्याची आई म्हणाली अभ्यास वाढलाय. मी काय समजायचं ते समजलो.

त्या वडिलांना मी वाईट माणूस म्हणत नाही, माझा मुलगा खेळायचा तेव्हा पहिल्या वर्षी मी पण असाच ओरडलोय आणि त्याची मला अजून लाज वाटते. पण जाळीमागे वही घेऊन बसल्यावर कळलं की हे काम किती अवघड आहे. क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूचं अपील अधूनमधून होतं, इथे बॅटरने न खेळलेल्या प्रत्येक पिचवर अंपायरला निर्णय द्यावा लागतो. प्लेट 17 इंच रुंद, आणि स्ट्राईक झोनची उंची प्रत्येक पोरागणिक वेगळी, लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संस्थेच्या नियमात ती काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत धरतात, म्हणजे एक बुटका पोरगा जाऊन उंच पोरगा आला की अंपायरच्या डोळ्यापुढची चौकट बदलली. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, उभा 46 फुटांवर, त्याने ताशी 80 किलोमीटरने टाकला तरी बॉल पाऊण सेकंदाच्या आत बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये, आणि त्यात कॅचर ग्लोव्ह हलवून बॉल आत ओढतो ते वेगळंच. आपण मात्र जाळीच्या कडेला तिरके बसून ठामपणे सांगतो की तो बाहेर होता! बाजूच्या बाकावरून बॉल आत होता की बाहेर हे कळूच शकत नाही, फार तर उंची कळते.

तरीपण चुका होतात, होणारच. 2 जून 2010 ला डेट्रॉईटमध्ये आर्मांडो गलारागा या पिचरने सलग 26 बॅटर आऊट केले होते, अजून एक आऊट मिळाला की परफेक्ट गेम, म्हणजे एकही बॅटर बेसवर न पोचता सगळे 27 आऊट, जो अमेरिकेतल्या सर्वोच्च मेजर लीगच्या एवढ्या वर्षांत तोपर्यंत फक्त 20 वेळा झाला होता. सत्ताविसावा बॅटर पहिल्या बेसवर स्पष्ट आऊट होता आणि अंपायर जिम जॉईसने त्याला सेफ दिला. त्यावेळी व्हिडिओ बघायची सोय फक्त होमरनपुरती होती, त्यामुळे तो निर्णय तसाच राहिला. गलारागा काय करतो? हसतो, परत जाऊन उभा राहतो आणि पुढच्या बॅटरला आऊट करून मॅच संपवतो. जॉईसने रिप्ले बघितल्यावर चूक सरळ कबूल केली. दुसऱ्या दिवशी प्लेटमागे तोच होता, आणि लाइनअप कार्ड (टीमची यादी) त्याच्या हातात द्यायला कोण आलं तर गलारागा, आणि जॉईसला भर मैदानात डोळे पुसावे लागले. आयुष्यात एकदा मिळणारी गोष्ट गेली तो माणूस असा वागला आणि आपण बारा वर्षांच्या मुलांच्या मॅचमधल्या एका बॉलवरून सोळा वर्षांच्या पोराला घरी जा म्हणतो, काय बोलायचं?

आता कोणी म्हणेल मग काय चुकीचं दिसलं तरी गप्प बसायचं का. तर नियमातच त्याची वाट दिलेली आहे. बॉल की स्ट्राईक, सेफ की आऊट, फेअर की फाऊल (मारलेला बॉल रेषेच्या आत की बाहेर) हे अंपायरच्या नजरेचे निर्णय, त्यावर वाद घालायचाच नाही. पण अंपायरने नियम चुकीचा लावला, उदाहरणार्थ तिसऱ्या स्ट्राईकनंतरही बॅटरला उभा ठेवला, तर मुख्य कोच, म्हणजे टीमचा मॅनेजर, अपील करू शकतो. फक्त तोच. टाइम मागायचा, चालत जायचं, हळू आवाजात विचारायचं. मी असे कोच बघितलेत जे अंपायरशी बोलताना मुद्दाम त्याच्या शेजारी, मैदानाकडे तोंड करून उभे राहतात म्हणजे बघणाऱ्याला भांडण वाटू नये, आणि त्यांच्या टीमची मुलं पण तशीच असतात, कॅचर पोरगा अंपायरला बॉल हातात देतो, नुसता फेकत नाही, बॅटला लागून मागे उडालेला फाऊल बॉल लागून अंपायर कळवळला तर कॅचर उगाच मास्क नीट करत, पिचरशी बोलायला जात त्याला सावरायला वेळ देतो. हे कोणत्या पुस्तकात शिकवलेलं नसतं, बघून येतं.

मुलांमध्ये मुळात हे असतंच असं माझं मत झालंय. 2022 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या वेको इथे लिटल लीगच्या विभागीय फायनलमध्ये एका बॅटरच्या हेल्मेटवर पिच लागली, पोरगा खाली पडला, मग उठून पहिल्या बेसवर गेला. पिचर घाबरून रडायला लागला होता. तर ज्याला बॉल लागला तोच बेस सोडून त्याच्याकडे चालत गेला, त्याला मिठी मारली आणि धीर दिला. हे त्याला त्या क्षणी बाकावरून कोणी ओरडून सांगितलेलं नव्हतं.

न्यू जर्सीतल्या डेप्टफोर्ड टाउनशिपच्या लीगने 2023 मध्ये एक नियम केला तो मला फार पटला. प्रेक्षकातून अंपायरशी हुज्जत घातली तर मैदानावर यायला बंदी, आणि परत यायचं असेल तर आधी ट्रेनिंग घेऊन तीन मॅचला स्वतः अंपायरिंग करायचं. तिथले स्वयंसेवक अंपायर शिव्या खाऊन सोडून चालले होते म्हणून हे करावं लागलं. अंपायर कमी झाले की काय होतं ते मला स्कोअरच्या वहीत दिसतं, एकच जण प्लेटमागून तिन्ही बेस बघतो, मग चुका अजून वाढतात, मग ओरडा अजून वाढतो, मग तोही सोडतो. आमच्या लीगनेही असा नियम करावा असं मी कमिटीला लिहून दिलंय, आणि मी स्वतः पुढच्या सीझनला वही दुसऱ्याकडे देऊन अंपायरिंगचं ट्रेनिंग घेणार आहे.

एक बारीकशी गोष्ट सांगतो. अंपायर प्लेट झाडायला वाकतो तेव्हा आधी फिरून पिचरकडे पाठ आणि आपल्याकडे तोंड करतो, प्रेक्षकांकडे पाठ करून वाकायचं नाही हा त्यांचा जुना रिवाज. तो सोळा वर्षांचा पोरगा पण न चुकता हे करायचा. त्या दिवशी ओरडणाऱ्या बाकांसमोर सुद्धा त्याने शेवटच्या इनिंगला तसंच वळून, छोट्या ब्रशने प्लेट स्वच्छ केली होती.

संपादक साहेब, आपल्या क्रीडा पानावर मुलांच्या मॅचेसचे निकाल येतात, पिचर कोण, रन कोणी काढले सगळं येतं. त्याखाली एका ओळीत अंपायरचं नाव छापता येईल का? निकालासोबत ते नाव मी पाठवत जाईन.

आपला,
एक स्कोअरर आणि पालक