‘दाभोळ’ कसं म्हणायचं, असं विचारणाऱ्या बाईंना

स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, ठाऊक आहे. माझा मुलगा लिस्बनलाच असतो, तो तुम्हाला पोर्तुगीजमध्ये सांगेल. पण लिस्बनच्या तुमच्या दफ्तरखान्यातून निघताना डोळे भरून आले होते आणि तोंडातून धड ‘थँक यू’सुद्धा फुटलं नाही. ते मनाला अजून लागून राहिलंय, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय. शिवाय इथल्या दोन-चार जणांच्याही हे वाचनात यावं असं वाटतं. ते कोण, ते त्यांचं त्यांना कळेल.

मी दाभोळची. तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. वास्को द गामा १४९७ साली लिस्बनहून चार जहाजं घेऊन निघाला आणि मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला, हे मुलांकडून घोकून घेतलं. तिथल्या राजाला, झामोरिनला, नजर करायला त्याने काय काढलं, हे मात्र पाठ्यपुस्तकात नव्हतं. पट्ट्यापट्ट्यांचं कापड, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची भांडी, साखर, तेल आणि मध! झामोरिनचे कारभारी हसले. मक्केचा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून बरं काही आणतो, म्हणाले. इथल्या बाजारात खपेल असा माल यांच्याकडे नव्हता. तोफा होत्या.

मग त्या तोफांच्या जोरावर पोर्तुगीजांचा कार्ताझ आला. कार्ताझ म्हणजे समुद्रावर जहाज हाकायचा परवाना. जहाज केवढं, नाखवा कोण, माणसं किती, हत्यारं किती, जाणार कुठे, सगळं त्यात लिहायचं. मिरी न्यायची नाही. वाटेत त्यांच्या नाक्यावर जकात भरायची. कागद नसला की जहाज जप्त. परवान्याची फी किरकोळच असायची, खरी मेख जकातीत होती. ज्या दर्यावर अरब, गुजराती, मलबारी, कोकणी जहाजं कुणालाही न विचारता फिरत होती, तिथे आदिलशहा-निजामशहांच्या जहाजांनाही या कागदासाठी हात पसरावा लागला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे त्याच औषधाची चव उलट्या बाजूला कळली.

आमच्या गावाचा हिशेब त्याही आधीचा. रशियाचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात दाभोळहूनच होर्मुझकडे जाणाऱ्या जहाजात चढला होता, इतकं हे नावाजलेलं बंदर. मार्च १५०८ मध्ये चौलजवळच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड घ्यायला दीवकडे निघालेल्या बापाने त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर वाटेत दाभोळ जाळलं. बायका-मुलंही सोडली नाहीत. आज धोपाव्याच्या फेरीबोटीसाठी जेटीवर गाड्यांची रांग लागते, त्यातल्या किती जणांना हे माहीत असेल?

त्या काळच्या कागदांत गावाचं नाव एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, एवढीच माझी हौस. त्यासाठी आधी इथल्याच एका संस्थेत गेले. त्यांनी शिफारसपत्र मागितलं. ते नेलं, तर लेटरहेडवर हवं म्हणाले. लेटरहेड झालं, तर विषयातली पदवी कुठाय? शेवटी एक साहेब मान वर न करता म्हणाले, “बाई, या वयात कशाला त्रास करून घेता?” जिना उतरताना मला एकदम हसू आलं. कार्ताझ मागणाऱ्या नाखव्याला काय वाटत असेल, ते पुस्तकाविना समजलं.

तुमच्या तोरे दो तोंबोमध्ये, म्हणजे पोर्तुगालच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात, मी घाबरतच शिरले. पुन्हा कोण काय मागतंय! तुमचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच लंगडं. लॉकरची किल्ली माझ्या हातात ठेवलीत, मी सवयीने “चावी” म्हटलं, आणि तुम्ही हसून तुमचा जवळजवळ तसाच शब्द म्हणून दाखवलात. तिथेच निम्मी भीती गेली.

पण ज्यासाठी हे पत्र, ते पुढे घडलं. सोळाव्या शतकातली ती लिखावट म्हणजे मुंग्यांची रांग. ‘क्यू’वर नुसती आडवी रेघ मारली की झाला एक शब्द! दोन तास बसून मला एक ओळ लागेना. तुमची जेवायची वेळ झाली होती, डबा हातात होता. तुम्ही तो खाली ठेवलात, माझ्याशेजारी खुर्ची ओढलीत आणि चिठोऱ्यावर पेन्सिलीने एकेक अक्षर सुटं करून मांडलंत. द, आ, ब, उ, ल. दाबुल. मग पेन्सिल माझ्यापुढे धरून विचारलंत, “तुमच्याकडे हे कसं म्हणतात?”

मी म्हटलं, “दाभोळ.” तुम्ही म्हणालात, “दाबोल.” मी म्हटलं, “ळ.” तुम्ही जीभ वळवून तीनदा प्रयत्न केलात आणि आपण दोघी त्या शांत खोलीत तोंड दाबून हसलो. मग तुम्ही मला माझ्या लिपीत ते नाव लिहायला लावलंत आणि चिठोरा घडी करून स्वतःच्या वहीत ठेवलात.

मला तुमच्याकडून पाचशे वर्षांपूर्वीची माफी नको होती. तुम्ही का मागाल? तुमच्या शहरानेही १७५५ चा भूकंप सोसलाय, त्यात कासा द इंदियाची, म्हणजे हिंदुस्थानचा व्यापार सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीची, दप्तरंच्या दप्तरं गेली. मिरी आफ्रिकेला वळसा घालून लिस्बनला आणि तिथून अँटवर्पला गेली, त्या बदल्यात तांबं-चांदी आली, यात तुमचं-माझं काय? (एवढे परवाने वाटूनही शतकाच्या मध्यावर तांबड्या समुद्रातून व्हेनिसला मिरी पुन्हा जाऊ लागली होती, याचं मला मात्र उगाचच बरं वाटतं.) पण समोरच्या म्हाताऱ्या बाईला तिच्या गावाबद्दल आपल्यापेक्षा एक अक्षर जास्त येत असेल, हे तुमच्या मनात आलं. शिक्के-सह्या असलेल्या आमच्या माणसांच्या ते मनात आलं नाही. भली माणसं कुठे भेटतील याला काही नेम नाही. मला एक तुमच्याकडे भेटली, आणि एक आमच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडते.

मुलाबरोबर काजूची पिशवी पाठवलीय. झाड ब्राझीलचं, आणलं तुमच्याच लोकांनी, पण भाजलेत आमच्या आवारात. आणि ‘ळ’ अजून जमत नसेल तर त्याला फोन लावायला सांगा. रविवारी सकाळी मी घरीच असते.

तुमची,
दाभोळची एक निवृत्त बाई