गॅलरीत सगळं बोलता येत नव्हतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पत्रांच्या पानावर एका ज्येष्ठ वाचकांनी लिहिलं होतं की आमच्या वेळी चाळीत कुणाला थेरपिस्ट-बिरपिस्ट लागत नव्हता, गॅलरीत येऊन बसलं की निम्मं टेन्शन तिथेच उतरायचं, आणि आता लोक तासाला हजार-दीड हजार मोजून रडायला जातात. पत्र वाचलं, पेपर घडी करून ठेवला, कुकर लावला, पण डोक्यातून काही जाईना म्हणून हे लिहायला बसले. भांडायला नाही हं काका. मी पण चाळीतलीच, लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण, लग्न होईपर्यंत तिथेच. आणि ते दीड हजार मोजणारी सुद्धा मीच.

गॅलरीचं कौतुक मला सांगायला नको. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते, बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यातले चौदा आमच्या एकट्या मजल्यावरचे. त्या दिवसांत गॅलरीनेच आम्हाला जगवलं, खोटं कशाला बोलू. शेजारच्या मावशी न मागता पीठ आणून ठेवायच्या, कुणाच्या गावाहून तांदूळ आले की त्यातले चार वाट्या आमच्याकडे. पण बाबा रात्री दोन-अडीचला उठायचे, मोरीत तोंड धुवायचे आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर छातीवर हात ठेवून बसायचे, हे अख्ख्या मजल्याला दिसत होतं आणि त्यावर अख्खा मजला काय म्हणाला, तर गॅस. कुणी ओवा दिला, कुणी दृष्ट काढायला सांगितली, एक जण तर गावच्या देवाला कौल लावून आला. नक्की काय होतंय असं बाबांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ते सांगणार कुणाला, जिच्याकडून पीठ घेतलं तिच्या नवऱ्याला? तो पण संपातच. गॅलरीत सगळं बोलता यायचं, फक्त जे खरं बोलायचं असायचं तेवढं सोडून, कारण सकाळी नळावर ते सगळ्यांना कळलेलं असणार.

बाबा जिन्यावर का बसायचे ते मला दोन वर्षांपूर्वी कळलं, विद्याविहार आणि कुर्ल्याच्या मधे.

भांडुपहून मी रोज स्लो लोकल पकडते, फोर्टला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. तेव्हा घरी असं होतं की बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, आम्ही भाड्याच्या घरात, आणि बिल्डरकडून येणारं भाडं आठ महिने बंद. सासूबाईंना विसरण्याचा आजार, त्या रात्री उठून दार उघडून बाहेर जायच्या, म्हणून मी दाराशी झोपायचे. मुलगा बारावीला. हे सगळं मी मॅनेज करत होते बरं का, म्हणजे मला तसं वाटत होतं. गाडी कुर्ल्याच्या आधी सिग्नलला थांबली आणि एकदम छातीत धडधडायला लागलं, हाताला मुंग्या, घाम, श्वास पुरेना, आणि डोक्यात एकच की मी आता इथे मरणार आणि डब्याचा पत्ता लागेपर्यंत गाडी सीएसएमटीला पोचलेली असणार. कुर्ल्याला उतरले, बाकावर बसले, एका अनोळखी बाईने पाणी दिलं. घराजवळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल. म्हणाले, गॅस असेल. मला हसूच आलं, चाळीस वर्षांनी सुद्धा गॅस.

महिन्याभरात असं चारदा झालं. मी लोकलला घाबरायला लागले, मुंबईत राहून लोकलला घाबरणं म्हणजे कोळ्याने पाण्याला घाबरण्यासारखं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी १२ सगळं तपासून झालं, आणि ते आधी तपासावंच असं माझं मत आहे कारण थायरॉइड वाढलं तरी असं धडधडतं. मग ऑफिसातल्या एका मुलीने, वय सव्वीस, सरळ विचारलं की मॅडम तुम्ही थेरपी का नाही घेत. जसं काही डेंटिस्टकडे का नाही जात.

पहिला माणूस चुकला. एका ठिकाणी 'कौन्सेलर' अशी पाटी बघून गेले, तर त्यांनी वीस मिनिटांत मला पॉझिटिव्ह विचार करा, मोबाइल कमी करा आणि सकाळी कोमट पाणी प्या असं सांगितलं, मधे दोनदा फोन घेतला. हे तर आमच्या गॅलरीत फुकट मिळायचं काका, इथे तुमचं बरोबर आहे. नंतर मला कळलं की सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे त्यात शिकलेला डॉक्टर, तो औषध लिहून देऊ शकतो, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचं, ज्याला आरसीआय म्हणतात त्याचं रजिस्ट्रेशन असतं, आणि तो नंबर आपण बिनधास्त विचारावा. आपण वायरमनला लायसन विचारतो, इथे लाजतो.

दुसऱ्या बाई मुलुंडच्या, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. मी सगळी तयारी करून गेले होते, काय काय सांगायचं त्याची यादीच केली होती, बिल्डर, सासूबाई, बारावी. त्या म्हणाल्या, यादी राहू दे, तुमचे पाय जमिनीला टेकलेत का बघा. बघितलं तर मी खुर्चीच्या कडेवर, टाचा वर, जसं काही आत्ता उठून पळायचंय. म्हणाल्या, टाचा टेकवा. मग श्वास आत घ्या चार मोजेपर्यंत आणि सोडा सहा-सात मोजेपर्यंत, सोडायचा लांब. यात मंत्रतंत्र काही नाही, श्वास लांब सोडला की हृदयाचे ठोके खाली येतात, शरीराची ती व्यवस्थाच आहे. त्यांनी समजावलं की पॅनिक अटॅकमध्ये शरीर खोटा भोंगा वाजवतं, समोर वाघ नसताना वाघ आल्यासारखं, आणि तो जोर साधारण दहाएक मिनिटांत चढतो आणि मग आपोआप उतरतो, तुम्ही काही केलं नाहीत तरी. हे एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं ना तर तीन महिने वाचले असते. बाबांचा विचार आला तेव्हा मात्र मी रडले. बावीस वेळा गेले त्यातल्या दोनच वेळा रडले, रडायला जातात म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

या पाय टेकवण्याला त्या ग्राउंडिंग म्हणाल्या. घरी येऊन यांना सांगितलं, आमचे हे इलेक्ट्रिकचं काम करतात, तर म्हणाले म्हणजे अर्थिंगच की, जास्तीचा करंट जमिनीत सोडायचा. मला ते थेरपिस्टपेक्षा जास्त पटलं. आपण म्हणतोच ना, मन थाऱ्यावर नाही. थारा कुठे असतो हे मात्र कुणी दाखवत नाही.

गाडीत करायला एक खेळ दिला होता. दिसणाऱ्या पाच गोष्टी मोजायच्या, मग अंगाला लागणाऱ्या चार, मग ऐकू येणाऱ्या तीन, दोन वास, एक चव. पहिल्यांदा केला तेव्हा विक्रोळी सोडलं होतं आणि धडधड सुरू झाली होती. दिसलं काय, तर अबोलीचा गजरा, समोरच्या बाईच्या मांडीवर गवारीच्या शेंगा मोडलेली पिशवी, चेनच्या जागी सेफ्टी पिन लावलेली एक पर्स, पत्र्यावर चिकटवलेली घरकामाच्या बाईची जाहिरात, आणि एका मुलीच्या हातावरची अर्धी गेलेली मेंदी. लागलं काय, तर कडीचं गार स्टील, पाठीत कुणाचा तरी डबा, चपलेचा तुटलेला अंगठा, मानेवर वारा. मी बहुतेक ओठ हलवत होते कारण गवारवाली म्हणाली, ताई काय मोजताय, शेंगा? मी म्हटलं हो, शेंगा. ती म्हणाली, पाव किलो आहेत, मोजू नका, मोडायला घ्या. आणि खरंच मूठभर माझ्या हातात दिल्या. कुर्ला कधी गेलं कळलं नाही. बघा म्हणजे गॅलरी पण काही अगदीच मेलेली नाहीये, सेकंड क्लासच्या लेडीज डब्यात आहे.

पण नुसत्या शेंगा मोडून भागलं नसतं. पुढे वही आली. प्रसंग लिहायचा, त्या क्षणी मनात काय वाक्य आलं ते जसंच्या तसं लिहायचं, आणि शेजारी त्याला पुरावा काय. मी लिहून नेलं, बाईंनी लाल पेनाने फक्त 'च' ला गोल केले. सासूबाईंचं मीच केलं पाहिजे. मुलाला नव्वद पडलेच पाहिजेत. मी खचून चालणारच नाही. एका पानावर अकरा 'च' निघाले. अमेरिकेत अल्बर्ट एलिस म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५५ च्या सुमाराला ही पद्धत काढली, म्हणजे इच्छेची आपण सक्ती करतो आणि मग त्या सक्तीखाली चेंगरतो, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, असं बाई म्हणाल्या. इंग्रजीत त्याला काय 'मस्ट' वगैरे म्हणत असतील, मराठीत एका अक्षरात काम होतं.

'च' काढल्यावर काय झालं ते सांगते. मी नणंदेला फोन केला आणि म्हटलं की रविवारी आईंना तू ने. सोळा वर्षांत पहिल्यांदा. ती दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, तू कधी मागितलंच नाहीस. राग आला मला, खूप, पण रविवार मिळाला. रात्रीसाठी दाराला वरची कडी लावून घेतली, एवढं साधं सुचायला मला थेरपी लागली कारण झोपच नव्हती. बिल्डरचं भाडं अजून आलेलं नाही. थेरपीने भाडं येत नाही. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून बोलले आणि आवाज कापला नाही.

आता पैशांचं. दीड हजार दर आठवड्याला मला झेपणारे नव्हते, दीड महिन्यानंतर बाईंनी स्वतःहून कमी केले आणि पंधरा दिवसांनी बोलवायला लागल्या. सगळ्यांना अशी बाई भेटत नाही. केईएम, सायन, नायर या मोठ्या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत आणि तिथे खर्च नावालाच येतो, पण ओपीडी सकाळची, म्हणजे रोजंदारीवाल्याने एक खाडा करायचा, केस पेपरची लाइन लावायची, आणि डॉक्टरसमोर इतकी गर्दी की पन्नास मिनिटं निवांत बोलणं सोडाच. संध्याकाळी सहा ते आठ आठवड्यातून दोन दिवस ओपीडी चालवली तर किती जण जातील याचा विचार महापालिकेने करावा, तुमच्या पेपरने तो विषय लावून धरावा, या पत्राचं खरं कारण तेच. आणि इन्शुरन्स. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला द्यायचा. आमच्या पॉलिसीत तो आहे, पण अ‍ॅडमिट झालात तर. म्हणजे थाऱ्यावर राहण्यासाठी जो खर्च होतो तो आपल्या खिशातून, पूर्ण कोसळलात की मग कंपनी बघणार.

ज्यांना आत्ता या क्षणी कुणाशी तरी बोलायचंय त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर जमलं तर पत्राखाली ठळक छापा.

एक विनंती. पत्र छापलंत तर माझं नाव घालू नका, नुसतं 'एक वाचक, भांडुप पूर्व' असं लिहा. आमच्या बिल्डिंगमध्ये तुमचा पेपर सात घरी येतो आणि सकाळी लिफ्टशी सगळे भेटतात.

आपली,
एक वाचक, भांडुप पूर्व