विषय : जनरेटरच्या सर्ज प्रोटेक्शनबाबत तक्रार, पॅनेलचे ७५ केव्हीचे सर्टिफिकेट पुन्हा पाठवू नये

प्रति,
सरव्यवस्थापक, ग्राहक सेवा (एचटी स्विचगियर)

महोदय,

आपले तिसरे पत्र मिळाले. आधीच्या दोन पत्रांप्रमाणे यालाही ११ केव्ही पॅनेलच्या इम्पल्स टेस्टचे (सर्ज म्हणजे व्होल्टेजची क्षणिक लाट सोसण्याच्या चाचणीचे) सर्टिफिकेट जोडले आहे. पॅनेल ७५ केव्ही सोसते, हे आम्हाला मान्य आहे. आपले पॅनेल ठणठणीत आहे, त्याच्या रंगालाही धक्का लागलेला नाही. जळला तो १८ मेगावॉटचा जनरेटर, आणि तक्रार त्याची आहे.

आमचा साखर कारखाना कोल्हापूर जिल्ह्यातला, सहकारी. बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) वीज करतो, स्वतःपुरती वापरून उरलेली ११० केव्ही लाइनवरून बाहेर देतो. जनरेटरचा न्यूट्रल (तिन्ही फेज जुळतात तो बिंदू) ६३.५ ओहमच्या रेझिस्टरमधून अर्थ केलेला आहे, म्हणजे अर्थ फॉल्टचा करंट १०० अँपिअरच्या पुढे जात नाही. ही माहिती ऑर्डरसोबत दिलेल्या सिंगल लाइन डायग्रामवर ठळक आहे. तरीही एलएव्हीटी पॅनेलमध्ये (अरेस्टर आणि व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या पॅनेलमध्ये) आपण ९ केव्हीचे लायटनिंग अरेस्टर, म्हणजे जादा व्होल्टेज जमिनीत उतरवणारे, बसवून पाठवले. ९ केव्हीचा अरेस्टर चालतो तो न्यूट्रल थेट जमिनीला बांधलेला असेल तिथे. आमच्यासारख्या ठिकाणी एक फेज अर्थ झाली की उरलेल्या दोन फेज जमिनीच्या मानाने ६.३५ वरून सरळ ११ केव्हीवर चढतात. तिथे १२ केव्हीचाच अरेस्टर लागतो. हे आपल्या डिझाइन विभागाला मी सांगावे, याचेच नवल वाटते.

जानेवारीत तिसऱ्या पाळीला नेमके हेच झाले. बॉयलर फीडरच्या केबल बॉक्समध्ये चिचुंद्री शिरली आणि बी फेज अर्थ झाली. रिलेने फीडर तोडायला तीन सेकंद घेतले (सेटिंग आमचे, त्याचा दोष आपल्याला देत नाही). तेवढ्यात आर आणि वाय फेजचे अरेस्टर फुटले. एकाचे पॉलिमरचे आवरण मक्याचे कणीस सोलावे तसे उभे फाटले होते आणि आतल्या चकत्यांचा चुरा पॅनेलच्या तळाशी सांडला होता. शेजारच्या सर्ज कपॅसिटरच्या बुशिंगवर काजळी धरली होती.

आपल्या सर्व्हिस इंजिनिअरना फोन लावला. ते म्हणाले, "अरेस्टर आणि कपॅसिटर दोन्ही सोडवून सेट चालू करा, पॅनेल ७५ केव्हीचे आहे, काही होत नाही. माल आठवड्यात येईल." आम्ही तसेच केले आणि मी रात्री १:४० ला हे संभाषण ईमेलने कळवले. सकाळी "नोटेड" असे उत्तर आले. आता आपण लिहिता की ग्राहकाने परस्पर संरक्षण काढल्यामुळे वॉरंटी लागू नाही. तो ईमेल आणि ते एका शब्दाचे उत्तर सोबत पुन्हा जोडले आहे.

माल काही आला नाही. अकराव्या दिवशी फायब्रायझरमध्ये (ऊस फोडणाऱ्या यंत्रात) ट्रॉलीच्या साखळदंडाचा तुकडा आला. १५०० किलोवॉटची ११ केव्ही मोटर सुरू होता होताच अडली. सुरुवातीचा करंट ५०० अँपिअरच्या आसपास, आणि व्हीसीबीने (व्हॅक्यूम ब्रेकरने) तो मध्येच तोडला. दोनदा असे झाले. तिसऱ्या वेळी जनरेटरच ट्रिप झाला.

व्हॅक्यूम ब्रेकरची ही खोड जुनी आहे. अडलेल्या मोटरचा करंट तोडताना आतली ठिणगी विझते, पुन्हा पेटते, पुन्हा विझते, आणि दर वेळी एक उभ्या कड्यासारखी लाट केबलमध्ये निघते. केबलमध्ये ती मायक्रोसेकंदाला साधारण १६० मीटर धावते. जनरेटरच्या तोंडाशी वाइंडिंगचा अडथळा केबलपेक्षा कितीतरी मोठा, म्हणून लाट आपटून जवळजवळ दुप्पट होते. कडा जितका उभा, तितका सगळा भार पहिल्याच कॉइलच्या वेढ्यांवर येतो. कपॅसिटर कडा उतरता करतो, अरेस्टर उंची छाटतो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. आमच्याकडे त्या दिवशी दोन्ही नव्हते.

जनरेटर उघडला तेव्हा वाय फेजची लाइनकडची पहिली कॉइल पाहिली. स्लॉटच्या तोंडाशी मायका करपून पापुद्रे सुटले होते आणि दोन वेढ्यांच्या मध्ये हरभऱ्याएवढा तांब्याचा मणी गोठला होता. बाकीचा स्टेटर स्वच्छ. ७५ केव्हीचे सर्टिफिकेट वाचताना मला तो मणी आठवतो. आयईसी ६००३४-१५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ११ केव्ही मशिनच्या नव्या कॉइलची इम्पल्स पातळी ४९ केव्ही, आणि ०.२ मायक्रोसेकंदाच्या उभ्या लाटेला फक्त ३२. पॅनेल ज्यावर हसते, त्यात जनरेटर मरतो.

आणखी एक. ऑर्डरमध्ये एलएव्हीटी क्युबिकल "जनरेटर टर्मिनलजवळ" असे लिहिले होते. आपल्या ड्रॉइंगमध्ये ते एचटी लाइनअपच्या टोकाला गेले, जनरेटरपासून १३० मीटर केबल लांब. ड्रॉइंगवर आमच्या सल्लागारांचा शिक्का आहे, माझीही सही आहे, ती मी नाकारत नाही. पण एवढ्या अंतरावर अरेस्टरने तीस केव्हीच्या आत रोखलेली लाटही जनरेटरपाशी पन्नाशी ओलांडू शकते. शिवाय अर्थची वायर केबल ट्रेवरून चार मीटर वळसे घेत नेली आहे. लाटेच्या दृष्टीने तेवढी वायर म्हणजे आणखी एक अडथळा.

सेट ४७ दिवस बंद राहिला. मिलला वाफ पीआरडीएसमधून (वाफेचा दाब आणि तापमान उतरवणाऱ्या यंत्रणेतून) दिली, वीज महावितरणची घेतली, गाळप कमी केले. बीडच्या तोडणी टोळ्या फडात बसून राहिल्या आणि तोडलेला ऊस यार्डात वाळत गेला. हा खर्च लेखा विभाग वेगळा कळवेल.

आमची मागणी अशी. १२ केव्हीचे अरेस्टर आणि फेजला ०.२५ मायक्रोफॅरडचे सर्ज कपॅसिटर वेगळ्या क्युबिकलमध्ये, जनरेटरच्या टर्मिनलपाशी, आखूड सरळ अर्थिंगसह आपल्या खर्चाने बसवावेत. फायब्रायझर फीडरला आरसी सर्ज सप्रेसर (लाट शमवणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) द्यावा. रिवाइंडिंगच्या खर्चात आपला वाटा किती, ते लेखी कळवावे. दसऱ्याच्या सुमारास आमचे बॉयलर अग्निप्रदीपन असते. काम त्याआधी महिनाभर पूर्ण हवे. तोपर्यंत आपली १० टक्क्यांची बँक गॅरंटी मोकळी होणार नाही. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ऑर्डरमधल्या लवादाच्या कलमाने पुढे जाऊ.

फुटलेले अरेस्टर आणि ती कॉइल स्टोअरमध्ये सील करून ठेवली आहे. पाहायला येणाऱ्या माणसाने फोनवर सल्ला देणाऱ्या इंजिनिअरनाही सोबत आणावे.

आपला,
विद्युत अभियंता (सहवीजनिर्मिती)