चंद्रतालची वाट सोपी, पण हवा विरळ

महोदय,

हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यात सुमारे 4,300 मीटर उंचीवरील चंद्रताल सरोवराभोवतीची वाट खरोखरच सोपी आहे. वाहनतळापासून किलोमीटरभर चालले की निळे पाणी दिसते आणि काठाने सावकाश फेरी मारायला दीड-दोन तास पुरतात. मात्र ‘सोपी’ हा शब्द ऐकून सुमारे 2,000 मीटरवरच्या मनालीहून एका दिवसात तिथे पोहोचणाऱ्या आपल्याकडच्या ज्येष्ठांना, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के असतो, हे कोणी तरी स्पष्ट सांगायला हवे. माझ्या बहिणीला सपाट वाटेवर पन्नास पावलांतच धाप लागली, डोके ठणकू लागले. सहल आखणाऱ्याने वाटेत मुक्कामच ठेवला नव्हता. किन्नौर-काझामार्गे टप्प्याटप्प्याने चढत गेल्यास शरीर सरावते आणि तीच फेरी किती आनंदाची होते! काठाच्या ओलसर हिरवळीवर मात्र पाय देऊ नये. 2005 पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरातील महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, असलेल्या या पाणथळीत तिला वाढायला वर्षातले मोजकेच महिने मिळतात. सहलींच्या जाहिरातींत मुक्कामाची उंची ठळकपणे छापली जावी, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, ठाणे