रक्तातल्या रिफॅम्पिसिनबद्दल

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. क्षयाच्या पेशंटच्या रक्तातली रिफॅम्पिसिनची पातळी मोजावी का, हे विचारणारं तुझं पत्र मिळालं. पेशंट ५२ किलोचा, मधुमेही, रोज चार एफडीसी गोळ्या (रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही क्षयाची चार औषधं एकाच गोळीत), आणि दोन महिन्यांनीही थुंकीत क्षयाचे जंतू. आधी थुंकी रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड, दोन्हींच्या रेझिस्टन्ससाठी पाठव. जंतूच औषधाला दाद देत नसेल, तर पातळी मोजून काय हाती लागणार?

चार गोळ्यांत ६०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन जातं, म्हणजे किलोमागे साडेअकरा. डोस बरोबर आहे. पण पोटात गेलेलं सगळंच रक्तात पोचतं असं नाही, आणि मधुमेहात पोट उशिरा रिकामं होऊ शकतं. म्हणून एका नमुन्यावर विसंबू नकोस. गोळ्या दिल्यावर २ तासांनी एक आणि ६ तासांनी दुसरा, असे दोन घे. रिफॅम्पिसिनची २ तासांची पातळी लिटरला ८ ते २४ मिलिग्रॅम हवी. समज २ तासांना ३ आणि ६ तासांना ९ आली, तर औषध उशिरा शोषलं जातंय. दोन्ही वेळा २-३ च आली, तर ते खरंच कमी पडतंय. पहिलाच नमुना घेतला असता तर ही दोन माणसं तुला सारखीच दिसली असती.

त्या दिवशी गोळ्या सिस्टरच्या समोर, उपाशीपोटी, पाण्याबरोबर. तेलकट नाश्ता झाला असेल तर रिफॅम्पिसिनची शिखर पातळी सुमारे एक तृतीयांशाने उतरते, आयसोनियाझिडची त्याहूनही जास्त. अ‍ॅल्युमिनियमचं अँटासिड चालू आहे का तेही विचार. उपचार सुरू होऊन दोन आठवडे तरी झालेले हवेत, कारण रिफॅम्पिसिन स्वतःच यकृताला स्वतःचा निचरा वाढवायला लावतं. तुझ्या पेशंटचं ते केव्हाच झालंय.

बहुतेक घोळ रक्त काढल्यानंतर होतो. जेल असलेली ट्यूब नको, औषध जेलला चिकटू शकतं. हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये ४-५ मिली घे, लगेच बर्फात ठेव, अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज कर, म्हणजे पेशी खाली बसून वरचा द्रव, प्लाझ्मा, वेगळा होईल. तो प्लाझ्मा दोन व्हायलमध्ये (छोट्या बाटल्यांत) वाटून गोठव, एक राखीव राहू दे. आयसोनियाझिड रक्तात तसंच राहिलं तर घटत जातं. रिफॅम्पिसिन उजेडात आणि हवेत बिघडतं, म्हणून व्हायल फॉइलमध्ये गुंडाळ. लेबलवर दोन वेळा लिहायला लाव: गोळ्या गिळल्याची आणि सुई टोचल्याची, मिनिटासकट. 'सकाळचा नमुना' एवढंच लिहिलेला रिपोर्ट मला तरी वाचता येत नाही.

पातळी खरोखर कमी आली तर एफडीसीची एक गोळी वाढवू नकोस. पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉलही विनाकारण वाढतील. रिफॅम्पिसिनची सुटी कॅप्सूल जोडून ९०० पर्यंत ने, एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) बघ आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोज. त्याच्या साखरेच्या गोळ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या असतील तर रिफॅम्पिसिनमुळे त्यांचाही असर उतरतो. साखर वर राहत असेल तर त्याचं उत्तर बहुधा तिथेच सापडेल.

पुढच्या पत्रात दोन्ही आकडे आणि दोन्ही वेळा कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
माधव