से कॅथेड्रलचा सोनेरी पट कोणाच्या हातचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबरातले फेस्त (चर्चचा वार्षिक सण) जवळ आले की वृत्तपत्रांतून जुन्या गोव्यातील चर्चची छायाचित्रे येऊ लागतात. से कॅथेड्रलच्या मुख्य वेदीमागचा सोन्याने मढवलेला लाकडी पट त्यांत हमखास असतो आणि त्याखाली 'पोर्तुगीज कलेचा अजोड नमुना' असे छापलेले असते. माझा आक्षेप या ओळीला आहे.

हे कॅथेड्रल संत कॅथरिनला वाहिलेले आहे, कारण पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे तिच्या सणाच्या दिवशी, गोवा जिंकला. तिच्याच आयुष्यातले आणि हौतात्म्याचे प्रसंग या पटावर कोरले आहेत. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले, वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडले. पटाची मांडणी पोर्तुगालची आहे, यात वाद नाही. पण एवढे लाकूड कोरले कोणी?

१५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने हिंदू चितारी, सोनार यांना ख्रिस्ती मूर्ती व पूजेच्या वस्तू घडवायला देऊ नयेत असा ठराव केला. जे घडतच नव्हते, त्यावर बंदी कोण कशाला घालेल? पुढे काम धर्मांतरित कारागिरांकडे गेले असे धरले, तरी ते हातात छिन्नी धरायला शिकले ते इथल्याच बापजाद्यांकडून. गोव्याच्या चर्चमधले देवदूत, वेलबुट्टी आणि फळाफुलांची गर्दी नीट न्याहाळली, की आमच्या देवळांतले कोरीव खांब आठवल्यावाचून राहत नाहीत. हे साम्य अभ्यासकांनीही नोंदवले आहे.

म्हणून दोन मागण्या. पुरातत्त्व खात्याने फलकावर 'स्थानिक कारागिरांचा सहभाग, नावे अज्ञात' एवढे तरी स्पष्ट लिहावे. दुसरी अधिक महत्त्वाची. पणजीचे पुराभिलेखागार १५९५ पासूनचे आहे. तिथले जुने हिशेब, मजुरीच्या नोंदी या एकाच प्रश्नासाठी वाचून काढायला जुनी पोर्तुगीज जाणणाऱ्या तरुण संशोधकांना गोवा सरकारने शिष्यवृत्ती द्यावी. ही लिपी वाचणारे फार थोडे उरले आहेत आणि कागद दमट हवेत आहेत. सोबत लाकडाची आणि सोन्याखालच्या थरांची तपासणीही व्हावी. लाकूड इथले की बाहेरून आणलेले, हे त्यातून कळू शकेल.

तोवर आपल्या पत्राने तरी छायाचित्राखालची ती ओळ बदलावी, ही विनंती.

– एक वाचक, फोंडा (गोवा)