मॅकची ओळख मालकावरून नव्हे, इंजिनावरून ठरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील ट्रक-उद्योगाविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला एवढी जागा दिली याचा आनंद आहे. मात्र मॅक या ब्रँडविषयी त्यात काढलेला निष्कर्ष मला पटला नाही. व्होल्वो या स्वीडिश कंपनीने २००१ मध्ये विकत घेतल्यापासून मॅक नावापुरता अमेरिकी उरला आहे आणि त्याच्या बॉनेटवरची बुलडॉग कुत्र्याची मूर्ती केवळ शोभेची झाली आहे, असे लेखकाने म्हटले आहे. या ब्रँडमध्ये काहीतरी मोलाचे हरवले हे मलाही मान्य आहे, पण ते मालकी बदलल्यामुळे हरवले हे मान्य नाही.

मालकीचाच निकष लावायचा तर मॅक संस्थापकांच्या हातून फार लवकर गेली. जर्मन वंशाच्या कुटुंबातील जॅक आणि ऑगस्टस या मॅक बंधूंनी १८९३ मध्ये ब्रुकलिन येथील घोडागाड्या बांधणारा एक कारखाना विकत घेतला, १९०० मध्ये आपली कंपनी स्थापन केली आणि १९०५ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउनला आले. १९११ मध्ये त्यांची कंपनी सॉरर या स्विस बनावटीच्या ट्रकांची अमेरिकेत निर्मिती करणाऱ्या कंपनीबरोबर एका छत्राखाली आली, त्या छत्राला इंटरनॅशनल मोटर कंपनी असे नाव मिळाले आणि थोड्याच काळात जॅक मॅक त्यातून बाहेर पडले. ज्या ट्रकामुळे आणि ज्या चिन्हामुळे आज मॅक ओळखला जातो, ते दोन्ही यानंतरचे आहेत. परकी तंत्रज्ञान, बाहेरचे भांडवल आणि संस्थापकांची एक्झिट हे सारे २००१ च्या नव्वद वर्षे आधीच घडून गेले होते, आणि तरीही मॅकची खरी कीर्ती पुढेच घडली.

ती कीर्ती प्रथम एसी या मॉडेलने मिळवली. हा ट्रक १९१६ मध्ये आला. एसीचा रेडिएटर इंजिनाच्या पुढे न बसवता मागे, चालकाच्या जागेला लागून बसवलेला होता. त्यामुळे समोरून धडक बसली तरी रेडिएटर शाबूत राही, आणि समोर जाळी नसल्यामुळे बॉनेटला तो सुप्रसिद्ध खाली उतरत जाणारा, बोथट नाकाचा आकार मिळाला. मागची चाके साखळीने फिरत. पहिल्या महायुद्धात हे ट्रक ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्याकडे गेले, आणि चिखलात रुतलेल्या रस्त्यांवरून त्यांना नेटाने ओझे ओढताना पाहून ब्रिटिशांनी त्यांना बुलडॉग म्हणायला सुरुवात केली असे सांगितले जाते. हे नाव जाहिरात विभागाच्या टेबलावर जन्मले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कंपनीने ते १९२२ मध्ये बोधचिन्ह म्हणून स्वीकारले आणि त्याच वर्षी स्वतःचे नावही बदलून मॅक ट्रक्स असे केले. एसी मॉडेल दोन दशकांहून अधिक काळ बनत राहिले आणि त्याची संख्या चाळीस हजारांवर गेली.

बॉनेटच्या टोकावर उभा असलेला धातूचा बुलडॉग मात्र १९३२ चा आहे. कंपनीचे मुख्य अभियंता आल्फ्रेड मासुरी त्या वेळी रुग्णालयात होते, आणि सक्तीच्या विश्रांतीत हात रिकामे ठेवणे न जमल्याने त्यांनी तो स्वतः कोरला. पुढे त्याच्या आकाराचे पेटंटही त्यांनी घेतले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३३ मध्ये, अमेरिकी नौदलाचे ॲक्रॉन हे वायूने भरलेले हवाई जहाज (एअरशिप) न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले तेव्हा मृत्युमुखी पडलेल्या ७३ जणांमध्ये मासुरी होते. ज्याने इंजिने आणि चेसिस घडवले त्याच माणसाच्या हातून कंपनीचे चिन्हही घडावे, असे उदाहरण वाहन-उद्योगात क्वचितच सापडेल.

या चिन्हाचा एक संकेत आहे आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेख नाही, ही माझ्या मते त्यातली सर्वांत मोठी उणीव आहे. ट्रकाचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे ॲक्सल (चाकांचा आस) हे तिन्ही मॅकचे असतील तर बॉनेटवरचा बुलडॉग सोनेरी असतो. त्यांपैकी काही दुसऱ्या उत्पादकाचे असेल तर तो चंदेरी असतो. अमेरिकेत अवजड ट्रक बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या इंजिन एकाकडून, गिअरबॉक्स दुसऱ्याकडून आणि ॲक्सल तिसऱ्याकडून घेऊन ट्रक बांधत आल्या आहेत, आणि ग्राहकही आपल्या पसंतीचे भाग निवडून ट्रकाची ऑर्डर देत आला आहे. ही पद्धत वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण मॅकने वेगळी वाट धरली. १९३८ मध्ये तिने स्वतःचे डिझेल इंजिन बनवायला घेतले, १९५३ मध्ये थर्मोडाइन आणले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅक्सिडाइन. एरवी डिझेल इंजिनाची भरपूर ताकद फेऱ्यांच्या एका अरुंद टप्प्यातच मिळते. चढावर फेरे घसरले की ताकदही घसरते आणि चालकाला सतत गिअर बदलावा लागतो. मॅक्सिडाइनची रचना अशी होती, की मिनिटाला सुमारे १२०० ते २१०० फेऱ्यांच्या विस्तृत टप्प्यात अश्वशक्ती जवळजवळ सारखीच राही, कारण फेरे कमी होत तसा टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढत जाई. परिणामी, जिथे दहा किंवा त्याहून जास्त गिअर लागत तिथे मॅकच्या मॅक्सिटॉर्क गिअरबॉक्सच्या पाच गिअरवर काम भागू लागले. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कंपनीने एकमेकांसाठी घडवल्याशिवाय हे शक्य नव्हते. मॅकची ओळख कुठे असेल तर ती इथे आहे.

आता मालकांकडे वळतो. १९६७ मध्ये सिग्नल या तेल कंपनीने मॅक विकत घेतली. १९७९ पासून रेनॉ या फ्रेंच कंपनीचा तिच्यात हिस्सा आला आणि १९९० मध्ये मॅक पूर्णपणे रेनॉच्या ट्रक विभागाची झाली. म्हणजे व्होल्वो येण्याआधी दशकभर ती परदेशी मालकीचीच होती, आणि तरी त्या काळातल्या मॅक ट्रकात मॅकने स्वतः विकसित केलेले इंजिन होते. व्होल्वोने रेनॉचा ट्रक विभाग घेतला आणि मॅक त्याबरोबरच तिकडे गेली. त्या व्यवहाराला मंजुरी देताना अमेरिकेच्या न्याय विभागाने घातलेली अट बोलकी आहे: इंजिनावर केबिन असलेल्या बुटक्या ट्रकांचा, म्हणजे मुख्यतः कचरा वाहून नेण्याच्या कामी येणाऱ्या गाड्यांचा, स्वतःचा व्यवसाय व्होल्वोने विकून टाकावा, कारण त्या क्षेत्रात मॅक आणि व्होल्वो एकाच हाती आल्यास स्पर्धा कमी होईल. मॅकची त्या बाजारातील ताकद सरकारने किती गंभीरपणे घेतली होती, हे यावरून कळते.

खरा बदल २००६ मध्ये झाला. धूर आणि वायूंच्या उत्सर्जनाचे कडक नियम २००७ पासून लागू होणार होते आणि त्यासाठी मॅकने एमपी मालिकेची इंजिने आणली. ही इंजिने व्होल्वो समूहाच्या सामायिक आराखड्यावर बेतलेली आहेत. पुढे आलेला स्वयंचलित एमड्राइव्ह गिअरबॉक्सही व्होल्वोच्या आय-शिफ्टचे भावंड आहे. त्यांची जुळणी मेरीलँडमधील हेगर्सटाउन येथे, मॅकच्या जुन्या इंजिन कारखान्यात होते, ट्यूनिंग वेगळे असते आणि बॉनेटवर सोनेरी बुलडॉगही बसतो. परंतु पूर्वी त्या सोनेरी रंगात जो अर्थ होता तो आता पूर्णपणे नाही, हे मॅकवर प्रेम करणाऱ्यांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. नियमांची पूर्तता करणारे नवे इंजिन एकट्याच्या बळावर विकसित करण्याचा खर्च इतका वाढला आहे की मॅक अमेरिकी मालकाकडे राहिली असती तरी तिला हाच किंवा याहून कठीण निर्णय घ्यावा लागला असता, असे माझे मत आहे. म्हणून या प्रश्नाचा शोध मालकाच्या पासपोर्टात न घेता इंजिनाच्या आराखड्यात घ्यायला हवा होता.

लेखात मॅकच्या कामगारांबद्दल एक ओळही नाही, याचेही वाईट वाटले. १९८० च्या दशकात ॲलनटाउनच्या कामगारांनी वेतनकपात नाकारली, तेव्हा मॅकने तेथील मुख्य कारखाना बंद करून साउथ कॅरोलायनातील विन्सबरो येथे नवा उभारला. हा निर्णय परदेशी मालकाने लादलेला नव्हता. त्या वेळी मॅकची सूत्रे अमेरिकी व्यवस्थापनाकडेच होती. विन्सबरोचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला आणि महामार्गावरच्या ट्रकांचे काम काही वर्षे व्होल्वोच्या व्हर्जिनियातील कारखान्यात गेले. नंतर ते ॲलनटाउनशेजारच्या मॅकंजी येथे परत आले, तेही व्होल्वोच्याच कारकिर्दीत. याच मॅकंजीसह पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आणि फ्लोरिडातील सुमारे चार हजार कामगारांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये संघटनेच्या नेत्यांनी मान्य केलेला करार मतदानाने फेटाळून महिन्याहून अधिक काळ संप केला. मॅक अमेरिकी आहे की नाही हे विचारायचे असेल तर तो प्रश्न या माणसांना वगळून विचारता येणार नाही.

शेवटी दोन तपशिलांची दुरुस्ती आपण छापावी अशी विनंती आहे. मॅक बंधूंचे पहिले यशस्वी मोटारवाहन ट्रक नव्हते, तर ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये पर्यटकांना फिरवणारी वीस आसनांची बस होती. तसेच २००९ मध्ये ॲलनटाउनहून नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे हलले ते कंपनीचे मुख्यालय. कारखाना हलला नाही, आणि कंपनीचे ऐतिहासिक संग्रहालयही ॲलनटाउनमध्येच आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक